तिसऱ्यांदा उठायचं राहिलं

ता. १२, रविवार दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तू, भावोजी आणि पोरं मजेत असाल असं धरून चालतो. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. शोकांतिकेत पत्र नेहमी उशिराच पोहोचतं, तेव्हा नियम पाळला जाईलच.

बाबांची तब्येत जरा नरम आहे. म्हणजे, अर्धांगवायूचा झटका आलाय. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तीन आठवडे झाले. आधीच कळवायला हवं होतं, पण धीर झाला नाही.

तुझा राग मला ठाऊक आहे. रंगमंचावर ज्या राजाचं मरण करण्यात बाबांनी हयात काढली, त्याचीच मी माझ्या नाटकात टिंगल मांडली. पोटात खंजीर खुपसल्यावर पाव तास भाषण, मग पडायचं, पुन्हा उठून "अजून एक सांगायचं राहिलं" म्हणायचं. दूत धापा टाकत येतो तो सगळे मेल्यावर. लोक हसून बेजार होतात. पण तुला एक ठाऊक नाही. तालमीला बाबा येऊन बसायचे. "गाढवा, नक्कल करतोस तर पड तरी खरंखुरं. खरं पडलास तरच हसतील." राजाला तीन वेळा उठवायची युक्ती त्यांचीच. तुला मात्र सांगू नको म्हणाले. "ती एकटी तरी त्याला राजा मानते, राहू दे."

त्या दिवशी सकाळी माझा कप माझ्या हातात देऊन ते स्वयंपाकघरात स्वतःचा चहा गाळत होते. हातातून गाळणं पडलं. पाय लटपटला, टेबलाची कड धरली, गुडघ्यावर आले, आडवे झाले. मला शिकवलं होतं अगदी तसंच. मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, पडले. पुन्हा केला. मी म्हणालो, "वा! आता तिसऱ्यांदा, महाराज!" आणि खुर्चीत बसून वाट बघत राहिलो. माझा चहा पिऊन संपला, ताई. डॉक्टरांना सांगितलं, लगेच आणलं म्हणून. लगेच नव्हतं गं.

नाटक चालूच आहे. आठ जणांची पोटं आहेत त्यावर. काल प्रयोगात तिसऱ्यांदा मला उठताच येईना. नुसता पडून राहिलो. इतके लोक आजवर कधी हसले नव्हते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. डाव्या हाताची दोन बोटं बाबा खाटेच्या कडेवर आपटतात. दोनदा, थांबून परत दोनदा. नर्सला वाटतं, पाणी हवंय. मीही मुकाट्याने चमच्याने पाणी पाजतो. ते पितात आणि परत आपटतात. लहानपणी तू विंगेत पडद्याचा दोर धरून बसायचीस. राजा पडला की फळीवरची त्याची बोटं बघायचीस, ती अशीच दोनदा आपटली की पडदा पाडायचीस. ती खूण आपल्या तिघांनाच ठाऊक आहे. मी काय करू? तो दोर माझ्या हातात कधी नव्हता, आताही नाही.

तुझ्याही हातात नाही, कळतं मला. पण तू आलीस तर त्यांना पाणी नकोय, एवढं ओळखणारं कोणीतरी उशाशी बसेल. मला शिव्या दे, पण ये.

अजून खुर्चीतच बसलेला,
तुझा धाकटा