तुमचा टेका, माझं माप

बाबा, आज तुमच्याशी बंदुकीच्या टेक्याबद्दल बोलायचं आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "एवढ्याशा गोष्टीपायी कागद कायले खराब करून राह्यली?" पण गोष्ट एवढीशी नाही. तुम्ही बंदूक का सोडलीत याचं खरं कारण तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मला ते माहीत होतं. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, तरी ते माझ्याकडेच पडून आहे. आज दुपारी एका म्हाताऱ्या शेतकऱ्यामुळे ते असं काही वर आलं की घरी येऊन हातपाय न धुताच लिहायला बसले. पण सांगेन ते क्रमानेच. अर्धवट सांगितलेलं तुम्हाला कधी चालत नसे.

तुम्ही मला बंदूक शिकवलीत त्या हिवाळ्यात मी सासर सोडून कायमची मुकुटबनला परत आले होते. जो तो आईला गाठून विचारी, आता पोरीचं काय करणार. तुम्ही काही विचारलं नाहीत. रानडुकरांनी सोयाबीन उकरून ठेवलं होतं, आता तुरीवर आली होती आणि वनखात्याची परवानगी तुमच्या खिशात होती. चौथ्या दिवशी पहाटे तुम्ही मला उठवून शेतात नेलंत. धुऱ्याच्या बांधाला पाठ लावून तुराट्यांचा आडोसा उभा केलेला, मागे बाभळीचं जाड खोड, कारण आपल्या भागात वाघाला पाठ उघडी ठेवून कुणी शहाणा माणूस बसत नाही. आत एक पिढं. "पहिले बसाचं शीक," तुम्ही म्हणालात, "बंदूक मंग पाहू." आठ दिवस मी नुसती बसले. पायाला मुंग्या येतात, नाकावर माशी बसते, तुरीत काहीतरी सळसळतं आणि तुम्ही शेजारी ढिम्म. नवव्या दिवशी तुम्ही रिकामी बंदूक माझ्या खांद्याला लावलीत. पुढे परवान्यावर माझंही नाव चढवलंत, आणि त्यासाठी वणीला, यवतमाळला किती खेटे घातलेत ते मी पाहिलं आहे.

आणि तो टेका. बाभळीची बेचकी, तिच्या बुडाला आईचा जुना तवा भोक पाडून ठोकलेला. आपल्या काळ्या जमिनीत नुसती काठी रोवली तर ओल असताना धसते, आणि वाळली की नेमकी भेगेत जाते. तव्यामुळे टेका जिथे ठेवला तिथे, तेवढ्याच उंचीवर राही. बेचकीत सरकीची थैली. मी एकदा शहाणपणा करून तिच्यात तूर भरली. दाणे इकडून तिकडे पळाले आणि बंदूक आडवी झाली. वाळू भरली तर थैली दगडासारखी. सरकी मात्र अंगावरच्या कापसामुळे एकमेकींना धरून बसते, हे मी तुमच्याकडूनच शिकले. पहिल्यांदा मी थैलीवर सरळ नळीच टेकवली, तर तुम्ही माझा कान धरलात. सव्वीस वर्षांच्या बाईचा कान! "नळी कायले टेकवली? लाकूड ठेव तिथं. नळी टेकली का ते उसळते." आडोशाच्या डाव्या अंगाला तुम्ही दोन खुंट ठोकले होते, म्हणजे कितीही घाई झाली तरी नळी पायवाटेकडे वळणार नाही. कापूस वेचणीला निघालेल्या बाया त्या वाटेनं येत. त्या दोन खुंटांसाठी मी तुम्हाला आजही मानते.

आता माझा टेका ऐका. वणीला कोळशाच्या ट्रकांचे फाळके जोडणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडून तीन पायांचा करून घेतला. मधल्या नळीला भोकं, खीळ काढून वर-खाली करता येतो. चाचांनी आधी विचारलं, "कायचा स्टँड हाय ताई? फोटो काढाचा?" डुकरांसाठी म्हटल्यावर ते म्हणाले, "मंग पायाले ताटल्या लावून देतो. काळ्या मातीत घुसल तं मलेच शिव्या द्याल." मी मनात म्हटलं, बाबा, तुमच्या जोडीचा माणूस भेटला. दोन पायांचे, एका पायाचे, बाजारचे, घरचे, सगळे वापरून पाहिलेत मी. आडोशात तिपायीसारखं काही नाही. आणि टेका बसलेल्या माणसाच्या मापाचा हवा. मान सरळ, गाल लाकडावर, श्वास मोकळा. हे जमत नसेल तर चाप ओढू नये, घरी जाऊन चहा प्यावा. तालुक्यात कुणाचा नेम चुकायला लागला की लोक मला बोलावतात. मी वाकडी बोलते म्हणतात, पण बोलावतात.

आज परवानेवाल्या शेतकऱ्यांची बैठक होती, तिथे मला टेक्यावर बोलायला सांगितलं होतं. संपल्यावर सत्तरीचे एक काका मागे राहिले. म्हणाले, "मॅडम, माही नजर गेली वाट्टे. दोन डाव चुकलो. पोरगं म्हणते, जमा करून टाका बंदूक." हे सांगताना ते टोपी हातात घेऊन फिरवत होते. मी म्हटलं, काका, आधी बसून दाखवा. त्यांनी भाजीच्या प्लास्टिक क्रेटवर पोतं ठेवलं, रिकामी बंदूक त्यावर टेकवली आणि खाली वाकले. क्षणभरानं मान दुखली, डोकं वर आलं, गाल लाकडावरून सुटला. असं झालं की छर्रा जनावराच्या वरून जातो. नवा क्रेट आणला होता त्यांनी, जुन्यापेक्षा बुटका. मी खाली दोन विटा सरकवल्या. काका पुन्हा बसले आणि बराच वेळ तसेच राहिले. मग म्हणाले, "अवो, मान तं सरळ राह्यली!" मी म्हटलं, नजर ठीक आहे तुमची. तर ते मला म्हणाले, "मंग पोराले फोन करून सांगता का तुमी? माहं नाही आयकत तो." मी फोन केला. शेजारी उभं राहून ते स्वतःच्या निर्दोषपणाची साक्ष ऐकत होते आणि डोळे पुसत होते. जाताना त्यांनी सहज विचारलं, "तुमचे बाबा तं पक्के नेमबाज होते म्हणतात. त्यायनं कायले सोडली?" मी म्हटलं, हात थकला होता. गेली कितीतरी वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आले आहे.

तुमचा हात थकला नव्हता, बाबा. शिकायला लागून दुसरा हिवाळा होता. तुमचा टेका मला उंच पडे, हनुवटी वर करून बसावं लागे, तीन वेळा चुकले होते. तुम्ही दोन दिवस आत्याकडे गेलात तेव्हा मी तवा काढला, बेचकी बुडातून चार बोटं कापली आणि तवा परत ठोकून दिला. परत आल्यावर सांगणारच होते. पण तुम्ही रात्री उशिरा आलात आणि पहाटे अंधारातच, मी उठायच्या आत, जाऊन बसलात. मोकळ्या हातानं परत आलात तेव्हा तुमचा चेहरा पाहून मी नुसता चहा पुढे ठेवला. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या पहाटे तुम्ही डुकराला घायाळ केलंत, पाठ खोल फाडत छर्रा गेला आणि ते तुरीत घुसलं. आयुष्यात तुम्ही जनावर घायाळ करून सोडलं नव्हतं. दिवसभर रक्ताच्या थेंबांमागे फिरलात, जेवलाही नाहीत. मी मागे मागे चालत होते. दर धुऱ्यावर वाटे, आता सांगावं. दिवस मावळता ते नाल्यात सापडलं, मेलेलं. पंचनामा होईपर्यंत तुम्ही त्याच्याजवळ उकिडवे बसून होतात.

घरी आल्यावर तुम्ही बंदूक पुसलीत आणि माझ्या मांडीवर ठेवलीत. "मान धरते माही. डोक्सं वर उचलल्या जाते, मलेच समजत नाही. आता तू बसत जाय, बाई." बरोबर ओळखलं होतंत तुम्ही, फक्त दोष स्वतःच्या म्हातारपणाला दिलात. त्यानंतर सहा वर्षं तुम्ही होतात. एकदाही आडोशात गेला नाहीत. कुणी विषय काढला की हसून मानेकडे बोट दाखवायचात. मी एक वाक्य बोलले असते तर तुम्ही मला चार शिव्या दिल्या असत्या, नवी बेचकी तोडली असती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसला असतात. आज त्या काकांसाठी जे मी दोन विटांत केलं, ते तुमच्यासाठी केलं नाही.

भीतीपोटी गप्प राहिले असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. भीती पहिले दोन दिवस होती, हे खरं. पण हा कागद कुठे जायचा नाही, तेव्हा इथे तरी लिहून टाकते. तुम्ही बंदूक माझ्या मांडीवर ठेवलीत त्या संध्याकाळी मला वाईट वाटलं, पण झोपही छान लागली. 'पोरीचं काय करणार' या गावाच्या प्रश्नाला आता उत्तर मिळालं होतं. दुसऱ्या पहाटे मी एकटी आडोशात जाऊन बसले, गाल लाकडावर टेकवला. टेका माझ्या अगदी बरोबर मापाचा होता, आणि बाबा, मला फार आनंद झाला.