देव काठीशिवाय हलेना

४ मार्च
वही कधीची घेतलीय, पहिली ओळ आज! रोज म्हणायचं, उद्या लिहू. ताइनान शहरातून आठवडाभर रंग खरवडायच्या कामाला आलो आणि राहिलोच — बंद साखर कारखान्यात, बॉयलरच्या खोलीत. गोदामांत दुकानं होणार, वर घरं, रुळांच्या जागी बाजार. भिंतींना अजून काकवीचा वास येतो. खरवडताना भूक लागते.

५ मार्च
काम अडलं. फाटकाच्या आत भूमिदेवाचं देऊळ, माझ्या छातीएवढं. नवा रस्ता नेमका तिथूनच. जुने कामगार म्हणाले, देवाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही! मग कौल लावला. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे — एक उताणा, एक पालथा पडला तर होकार. दोन्ही पालथे! परत लावला. परत पालथे.
आमच्या आर्किटेक्ट ल्यू बाईंनी तिथेच नकाशा पसरला. देव हलला नाही तर रस्ता वळवायचा, आणि वळवला की सू-इंग मावशीचा गाळा जाणार. नूडल्सचं दुकान काढणार आहे ती. जुनी टपरी तर मोडून बसलीय.

७ मार्च
आजही नकार. कुत्रीने गोदामात पिल्लं घातलीत. दुपार तिथेच गेली.

९ मार्च
हुंग काका पूर्वी उसाची आगगाडी चालवायचे. आज देवाकडे बघून म्हणाले, "अरे, म्हाताऱ्याच्या हातात काठी कुठाय? चालेल कसा?"
सगळे हसले. मूर्तीचा उजवा हात कोपरापासून तुटलेला, काठीही त्याच्याबरोबर गेली. तरी ल्यू बाईंनी विचारलं — काठी हवी का, देवा? होकार. तीनदा लावला, तीनदा होकार! मग कोणी हसेना.
"नवी करून आणू?"
दोन्ही उताणे. म्हणजे देव हसला, ना हो ना नाही.
"जुनीच हवी त्याला," काका म्हणाले. मावशीकडे न बघता.

१० मार्च
भांडी घासताना मावशी आपणहून बोलली. तिचा नवरा अ-त्साय या देवाची दिवाबत्ती करायचा. तेव्हा सगळं गाव देवाला लॉटरीचे आकडे विचारायचं. हा हरला, प्यायला, देवाचा हात मोडला. शुद्धीवर आला तेव्हा इतका घाबरला की तो हात उराशी धरून पळाला तो पळालाच.
"बायको राहिली मागे. लाकूड बरं आठवलं मेल्याला!" असं म्हणून हसली, आणि माझ्या वाडग्यात आणखी एक अंडं टाकलं.

१२ मार्च
थोट्या देवाचा फोटो नेटवर टाकला — काठी कोणाकडे असल्यास आणून द्यावी.
"मांजर हरवल्यासारखं काय लिहितोस, भटक्या!" हुंग काका.
मला वाटलं मावशी चिडेल. नाही चिडली. संध्याकाळी केस विंचरून फाटकापाशी उभी होती.

१५ मार्च
कोणी नाही. ल्यू बाई म्हणतात, शनिवारनंतर नकाशा बदलावाच लागेल. मावशी आजही उभी. नवा ब्लाउज!

१७ मार्च
घाईत लिहितोय. आत्ता फाटकाशी बसमधून एक मुलगी उतरली, माझ्याच वयाची. रुमालात देवाचा हात, काठीसकट! "बाबा हिवाळ्यात गेले. हे परत द्यायचंय, एवढंच म्हणायचे." बाबा! काकांनी टोपी काढली — म्हणे, थेट अ-त्सायचं नाक.
मावशी तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "जेवलीस का गं?"