मुठीत मावेल एवढं

४ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे मी आणि तुझी भावजय, दोघंच. मी ठीक म्हणजे जसा होतो तसाच. तिच्याबद्दल खाली लिहितो. आधी बातमी सांगतो, म्हणजे तुझं हसून होईल. मी लाकूड कातायचं लेथ मशीन घेतो आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाच. भिंतीत खिळा ठोकायचा असला की मी आधी अंगठ्याला पट्टी बांधतो आणि मग हातोडी शोधतो, हे तुला ठाऊक आहे. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली, दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. अशा माणसाने निवृत्तीनंतर फार तर कुंड्यांना पाणी घालावं. पण कारण ऐक.

तुझ्या भावजयीचा, आमच्या शिंपी मास्तरीणबाईंचा, संधिवात आता बोटांत उतरला आहे. शिवणाचं दुकान बंद झालं ते तुला माहीतच आहे. कात्री तेव्हाच सुटली, आता चमचाही धरवत नाही. बोटं अर्धी मिटतात आणि तिथेच थांबतात, त्यात बारीक दांड्याचं काही टिकत नाही. सूप पिताना चमचा उलटा होतो. मी भरवतो म्हटलं तर ओठ घट्ट मिटून घेते. परवा म्हणाली की या हातांनी अख्ख्या पेठेचे कपडे बेतले, आता चमचा बेतता येत नाही, तर जेवून तरी काय करायचं. हे ती हसत म्हणाली, म्हणून मला जास्त लागलं. तेव्हापासून ती रोज अर्धपोटी उठते आहे.

डॉक्टरीणबाईंनी जाड मुठीच्या वस्तू वापरायला सांगितलं. बाजारात रबरी मुठी मिळाल्या. त्यांना तिने सायकलचं हँडल म्हटलं आणि कपाटाच्या तळाशी टाकून दिलं. म्हणून म्हटलं, आपणच तिच्या हाताच्या मापाच्या लाकडी मुठी कराव्यात. दुकानात एक मशीन बघून ठेवलं आहे. त्यात माझ्याहून उंच खांब कातता येतो, आणि माझा जीव त्याच्यावर जडला आहे. पण तू आणि भावोजींनी उभा जन्म लेथवर काढलात, तेव्हा तुला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. लवकर लिही, उतावळ्या नवऱ्याने गुडघ्याला बाशिंग बांधूनच ठेवलं आहे.

चार शिव्या घाल, पण माया पातळ करू नकोस.

तुझा
खटपट्या


११ जून

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद, त्यांतले निम्मे तुझ्या बोटांना.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा हसू आलं नाही. तिला जेवल्याशिवाय उठू देऊ नकोस, एवढंच आत्ता सांगते. बाकी मशीनचं बघू.

आधी ते खांबाचं खूळ डोक्यातून काढ. तू पलंग करणार आहेस की चमच्यांच्या मुठी? टेबलावर बसणारं छोटं लेथ घे. पण छोटं म्हणजे हलकं नव्हे. ओतीव लोखंडाचं हवं, उचलताना दोन माणसांना कण्हायला लावेल असं. हलकं मशीन थरथरतं, आणि ती थरथर पटाशीतून थेट हातात येते. वेग कमीजास्त करता आला पाहिजे आणि कमी म्हणजे खरोखर कमी. ज्या दोन टोकांमध्ये लाकूड धरतात त्यांतलं मागचं टोक सरकवून पुढच्याला भिडवून बघ. अणीला अणी लागली तर ठीक, नाहीतर दुकानदार कितीही गोड बोलला तरी घरी ये. बंद करायचं बटण मोठं असू दे, तळहाताने ठोकता येईल असं. पटाश्या मात्र लांब आणि जाड मुठीच्या घे, तिथे काटकसर नको.

आता कान इकडे कर. लेथला लाकूड आणि माणूस यांतला फरक कळत नाही. बाह्या कोपराच्या वर, गळ्यात मफलर नको, बोटात अंगठी नको. हातमोजे तर मुळीच नकोत. लोकांना वाटतं मोज्याने हात वाचतो, पण तोच हाताला आत ओढून नेतो. तोंडावर पारदर्शक मुखवटा घाल, नुसता चष्मा पुरत नाही. भेग असलेलं लाकूड लावायचं नाही. पटाशी टेकवायला समोर लोखंडी पट्टी असते, तिला आम्ही टेकण म्हणतो. ते लाकडाच्या अगदी जवळ ठेव, आणि सरकवायचं तर मशीन थांबवून. पटाशी आधी टेकणावर, मग लाकडावर. उलट केलंस तर हिसका बसेल. जोर लावावासा वाटला की समज धार गेली आहे. तेव्हा जोर नको लावू, धार लाव. आणि बटण दाबण्यापूर्वी दर वेळी एक फेरी मारून बघायची, कुठे अडत नाही ना. तुझे भावोजी शेवटपर्यंत फेरी मारल्याशिवाय बटणाला हात लावत नसत. बटण दाबताना लाकडाच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं.

हे सगळं वाचून भीती वाटली असेल तर उत्तम, पत्राचं काम झालं. मास्तरीणबाईंना माझी आठवण सांग आणि आपला जीव सांभाळून राहा.

तुझी
अक्का


२ जुलै

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या आज्ञेबरहुकूम मशीन घेतलं. उचलताना मी आणि शेजारचे पोस्टमन दोघेही कण्हलो, तेव्हा निवड बरोबर असावी. ते मागच्या खोलीत बसवलं. बाह्या वर, मफलर खुंटीला, अंगठी डबीत. सगळे नियम पाळले. एक तर जरा जास्तच पाळला.

तो फेरीचा. दर वेळी बटण दाबण्यापूर्वी मी फेरी मारत होतो. मागच्या दाराने बाहेर, घराला वळसा, पुढच्या दाराने आत. कुठे काही अडत नाही ना बघायचं, म्हणून वाटेतल्या कुंड्या सरकवल्या, सायकल हलवली, शेजारणीला तिचं मांजर घरात घ्यायला सांगितलं. मनात म्हणायचो की भावोजी काय शिस्तीचा माणूस, दिवसभर अशा फेऱ्या मारायचे, म्हणून तर शेवटपर्यंत काटक राहिले. शेजारणीने हिच्याकडे चौकशी केली की साहेबांना मधुमेह निघाला का.

परवा जरा मोठा ठोकळा लावला. फेरी मारली, घाम पुसला, बटण दाबलं. ठोकळ्याचा कोपरा टेकणावर आदळला, ठोकळा सुटला आणि माझ्या तोंडावरच्या मुखवट्यावर येऊन बसला. मुखवट्याला तडा गेला आणि कपाळाला टेंगूळ आलं. बाजूला उभं राहायचं मी विसरलो होतो, मुखवटा घालायचं विसरलो नव्हतो, एवढीच पूर्वपुण्याई. आवाज ऐकून ही धावत आली आणि तळहाताने बटण ठोकून मशीन तिनेच बंद केलं.

फेरी मारली होती का, असं तिने विचारलं. मी दुखावलेल्या आवाजात सांगितलं की मारली होती, पाण्याच्या टाकीमागूनसुद्धा मारली होती. तिने तुझं पत्र मागून घेतलं. ते वाचलं आणि स्टुलावर बसून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. शेवटी तिने सांगितलं की फेरी लाकडाने मारायची असते, तुम्ही नव्हे. मशीन बंद असताना लाकूड हाताने एकदा पूर्ण फिरवायचं आणि ते टेकणाला घासत नाही ना बघायचं. अक्का, ज्याने लोकांच्या पुस्तकांतली संदिग्ध वाक्यं लाल शाईने पकडली, त्याच्या घरी हा दिव्याखालचा अंधार. पण ती कित्येक महिन्यांत अशी हसली नव्हती, म्हणून टेंगूळ पावलं म्हणायचं.

मुठींचं विचारू नकोस. दोन झाल्या. एकीला तिने वरवंटा म्हटलं, दुसरीला भोवरा. मी मशीनला दोष दिला. नाचता येईना अंगण वाकडं, असं ती म्हणाली नाही, नुसती अंगणाकडे बघत राहिली.

आता खरी गोष्ट. पसारा आवरताना तिने खाली पडलेली मोठी पटाशी उचलली. तिची बोटं मिटता मिटता जिथे थांबतात, नेमकी तिथे ती जाड मूठ भरली. कितीतरी दिवसांनी तिच्या हातात काहीतरी घट्ट बसलं होतं. ती ते खाली ठेवेना. मग म्हणाली की तिला कातायचं आहे.

अक्का, मला भीती वाटते. आहेत त्या बोटांना काही झालं तर मी स्वतःला कसं तोंड दाखवू? नाही म्हणावं तर ती पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसेल आणि अर्धपोटी उठेल. हो म्हणायची माझी छाती नाही. तेव्हा वडीलकीच्या नात्याने तूच नाही म्हण. तुझं ती ऐकेल आणि माझ्यावर रागावणार नाही.

भित्र्या भावावरचा लोभ आहे तेवढा तरी ठेव.

तुझा
खटपट्या


८ जुलै

चि. खटपट्यास,
आशीर्वाद, आणि टेंगळाला बर्फ.

फेरीचं वाचून मी एकटी घरात मोठ्याने हसले. चूक माझीही आहे. मी वाक्याला कर्ता द्यायला विसरले आणि तू कर्ता झालास.

पण नाही मी म्हणणार नाही. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नकोस. लेथवर बोटांचं काम फार कमी असतं, हे तुझ्यासारख्या पेनवाल्याला कळायचं नाही. पटाशीची मूठ कमरेशी टेकवायची आणि अंग हलवायचं. बोटं नुसती सोबतीला. ती वर्षानुवर्षं कापडाबरोबर अंग सरकवत आली आहे, तिला ते तुझ्याआधी जमेल.

अटी मात्र माझ्या. अंगठी काढल्याशिवाय तिने खोलीत पाऊल टाकायचं नाही. सांधे लाल आणि गरम असतील त्या दिवशी लेथ बंद. नवा मुखवटा आण. लाकूड लहान, मऊ, सरळ रेषांचं. वेग सगळ्यांत कमी. धार तू लावायची, लाकूड तू बसवायचं, ते धरणाऱ्या चकची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकायची आणि मगच तिला बोलवायचं. पुढे बटणापाशी हात ठेवून तोंड मिटून उभं राहायचं. हे शेवटचं तुला सगळ्यांत जड जाईल.

भीती मलाही वाटते. पण ती उपाशी उठते, त्याची मला जास्त वाटते. काय झालं ते लपवाछपवी न करता कळव आणि दोघंही जपून राहा.

तुझी
अक्का


२९ जुलै

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

अंगठीपासून सुरुवात करतो. ती सुजलेल्या सांध्यावरून निघेना. साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळला. मी म्हटलं की राहू दे, ही खूण आहे लग्नाची. ती म्हणाली की लग्न बोटात नसतं, आणि सोनाराकडे जाऊन अंगठी कापून घेतली. सोनाराच्या दुकानात पाणी मलाच प्यावं लागलं.

पहिल्या दिवशी मी बटणापाशी उभा राहिलो तो परीक्षेच्या खोलीत उभा राहावा तसा. लाकडाची फेरी तिने स्वतः मारून बघितली आणि मधूनच माझ्याकडे बघून हसली. बाजूला सरकली. बटण मी दाबलं. पटाशी टेकणावर, मूठ कमरेशी. मग ती कमरेतून जराशी वळली आणि लाकडाचा कीस लांब, सलग सुटायला लागला. मी केलं की नुसता भुगा उडायचा. मी डोळे मिटून घेतले होते हे तिला कळलं. तिने मशीन थांबवायला लावलं आणि बजावलं की बटणावरच्या माणसाने झोपायचं नसतं.

हात दुखला की ती थांबते. दोन दिवस लेथ बंदच होतं. पण तिसऱ्या मुठीपर्यंत तिला घाट सापडला. मधे फुगीर, टोकाला निमुळती, तिच्या अर्ध्या मिटलेल्या हातात भरून बसेल अशी. मी त्या मुठीला बारीक पॉलिश पेपरने घासलं, तेल पाजलं, चमच्याचा दांडा आत बसवला. रविवारी सूप केलं. नेहमीसारखं खारट झालं होतं. तिने वाटी संपवली आणि आणखी मागितलं. अक्का, मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि जरा वेळाने परत आलो. सूप गरम करत होतो, असं तिला सांगितलं.

आता घरातली व्यवस्था अशी आहे की ती कारागीर आणि मी हमाल, धारवाला आणि झाडूवाला. शेजारणीने लाटण्याची मागणी नोंदवली आहे, तीसुद्धा माझ्याकडे नाही. वरवंटा आणि भोवरा तिने खिडकीत मांडून ठेवले आहेत, आल्यागेल्याला दाखवायला. माझी एवढीच कीर्ती उरली आहे, ती तू तरी मोठ्या मनाने सांभाळ.

तुझा
खटपट्या


१७ ऑगस्ट

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

अक्षर बघून घाबरू नका, माझंच आहे. पेनाला जाड मूठ केली आहे. त्यामुळे पेन हातात राहतं, ओळ मात्र राहत नाही. माझी शिवण इतकी वाकडी आली असती तर गिऱ्हाईक परत फिरकलं नसतं. पाकीट चिकटवण्याआधी शुद्धलेखन बघू का, असं यांनी दोनदा विचारलं. मी नको म्हटलं.

तुम्हाला लिहायचं कधीपासून मनात होतं. पण सांगून लिहून घ्यावं तर लिहिणार हेच, आणि लिहायचं होतं यांच्याविषयीच. म्हणून राहून गेलं.

हात चालेनासे झाल्यापासून माझे केस हेच विंचरायचे. सुरुवातीला तर प्रूफ तपासल्यासारखा एकेक केस सुटा करायचे. गुंता ओढला गेला की स्वतःवरच चिडायचे. मी आरशासमोर बसायची आणि हे मागे उभे. आरशात मला यांचा चेहरा दिसतो, हे यांच्या कधी लक्षातच आलं नाही. विंचरता विंचरता बाहीने डोळे पुसायचे, घसा साफ करायचे आणि दुखलं का म्हणून विचारायचे. मी नाही म्हणायची. 

मागे मी कंगव्याला मूठ बसवली आणि आपले केस आपणच विंचरले. हे दारात उभे राहून बघत होते. फार छान झालं म्हणाले. मग काय करावं ते न सुचून मागच्या खोलीत गेले आणि झाडलेलीच जमीन पुन्हा झाडत बसले.

तेव्हापासून अधूनमधून मी यांना हाक मारते. आज हात फार दुखतोय, विंचरून द्या, असं सांगते. हे लगेच हात धुऊन येतात.

हात दुखत नसतो. पण हे यांना कळवू नका. आम्हा दोघांवर तुमची माया आहेच, ती अशीच असू द्या.

तुमची
भावजय