विहिरीची वेलांटी

नाना, मागच्या महिन्यात मला तुमचं अक्षर दिसलं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, दूध संस्थेच्या हॉलमध्ये तुमचा फोटो लागला, त्याच्या काचेवर माशांचे ठिपके पडले. आणि मी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये लाल फडक्यातला एक गठ्ठा सोडून बसलो होतो, तर बेचाळिसाव्या पानावर तुम्ही. कोऱ्या कागदावर आखल्यासारखी सरळ ओळ, 'र'ची शेपटी खाली ओढलेली, शेवटी टिंबाऐवजी बारीकशी उभी रेघ. शिपाई म्हणाला, "काय झालं काका, आटपा लवकर." मी म्हणालो, ओळखीचा माणूस भेटला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

मी आता काय करतो हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगतो. केजला तहसीलसमोरच्या गल्लीत माझी एक खोली आहे. मी वकील नाही. दहावीच्या पुढं शाळा पाहिली नाही. कायद्याची पुस्तकं रद्दीतून घेतली, गळालेली पानं दुसऱ्याच्या प्रतीवरून हातानं उतरवून चिकटवली. पहिली काही वर्षं शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक निकाल वाचला. आज अंबाजोगाईच्या एक वकीलबाई खंडपीठात अपील टाकण्याआधी फाईल माझ्याकडं पाठवतात, कारण साक्षीतली वेळ आणि पंचनाम्यातली वेळ अर्ध्या तासानं हलली असली तरी ती मला सापडते. हे मी मिरवायला सांगत नाही. म्हणजे, थोडं मिरवायलाही सांगतो. तुमच्यापुढं नाही मिरवायचं तर कुणापुढं? न केलेल्या गुन्ह्यासाठी आत गेलेल्यांची माणसं माझ्याकडं येतात. बाया येतात, म्हातारे बाप येतात, प्लास्टिकच्या पिशवीत घड्या घातलेले कागद घेऊन. मी कागद उघडतो आणि आधी पंचनामा वाचतो. आणि नाना, सगळीकडं तेच. 'आरोपीने स्वखुशीने.' कुणी अख्खा दिवस कोठडीत मार खाल्लेला माणूस स्वखुशीनं पुढं चालत जातो आणि स्वतःला जन्मठेप होईल अशी वस्तू काढून हातात देतो, आणि दोन पंच खाली सही करतात. गावोगाव मी सांगत फिरतो, जिथं गेला नाहीत, जे बघितलं नाही, त्याच्यावर सही करू नका. लोक म्हणतात, "एका सहीनं काय होतंय बे?" काय होतं ते मी त्यांना सांगतो. आता तुम्हाला सांगायचंय.

मी एकोणीस वर्षांचा असताना तुम्ही मला संस्थेत कारकून म्हणून घेतलं. सकाळी सहाला संकलन. तुम्ही सेक्रेटरी, पण स्टुलावर स्वतः बसायचात, हातात लॅक्टोमीटर. काचेची ती नळी दुधात सोडायची, आकडा वाचायचा, आणि समोर कोण पुढाऱ्याचा मेहुणा उभा आहे ते बघायचं नाही. "पाटील, म्हशीनं आज अख्खी नदी पिली का काय?" लाईन हसायची, पाटील कॅन उचलून मुकाट परत. संस्थेच्या दुधाचा थेंब तुम्ही कधी चहात घेतला नाही. दूध संस्थेत बसून आपण दोघं कोरा चहा प्यायचो. मी एकदा आवक वहीत 'दुध' लिहिलं, पहिला उकार, तर तुम्ही वही माझ्या अंगावर भिरकावलीत. "बाहेर पाटीवर दुसरा उकार हाय, तुझ्या वहीत पहिला कावून? तू बोललेलं मी उद्या इसरंन, ह्या वहीतलं कोण इसरणार हाय?" चार माणसांत झापलंत. मी त्या रात्री जेवलो नाही आणि दुसऱ्या दिवसापासून शुद्धलेखनाचे नियम पाठ करायला लागलो. माझं सगळं शिक्षण तिथून सुरू झालं. ते उपकार मी नाकारत नाही. म्हणूनच राग जास्त आहे.

सलग दुसरं वर्ष कोरडं गेलेलं. ऊसच नव्हता, त्यामुळं तोडीवर गेलेल्या टोळ्या संक्रांतीच्या आधीच गावात परत आल्या. संस्थेनं माळावर चारा छावणी घातली. त्या टोळ्यांमधल्या एका माणसाचे दोन बैल तिथं बांधलेले. त्याचं आणि छावणीच्या राखणदाराचं ओल्या वैरणीवरून वाजलं. सगळ्यांसमोर तो ओरडला, "उद्या माझ्या बैलाला कमी पडलं तर तुजं टकुरं फोडीन बे." तिसऱ्या दिवशी सकाळी राखणदार गंजीमागं मेलेला सापडला, डोक्यात घाव. पोलिसांनी धमकी देणाऱ्याला उचललं. झाला तपास. त्या राखणदाराला खरं कुणी मारलं हे आजपर्यंत कुणी शोधलेलं नाही. त्याच्या बायकोलाही आपण खोटा माणूस दाखवून घरी पाठवलं, हे कुणाच्या ध्यानातसुद्धा येत नाही.

दुपार आहे. जमादार जीपमधून उतरतो, काखेत गोणपाटात गुंडाळलेली कुऱ्हाड. "नाना, दोन पंच पायजेत. चांगली माणसं बघ म्हणले सायेब." तुम्ही विचारता, "कुठं जायचंय?" "जायचं कुठं ह्या उन्हात! माल हाय की हितं. माजं अक्षर म्हंजे कोंबडीचे पाय, तुमीच लिवा." मी तुमच्यापुढं कोरा कागद ठेवतो. जमादार सांगतो आणि तुम्ही त्याच्या बोलण्याचं कागदावरचं मराठी करता. आरोपीने आम्हा पंचांसमक्ष स्वखुशीने पुढे चालत जाऊन, छावणीलगतच्या विहिरीत उतरून, गुडघाभर पाण्यातून एक लोखंडी कुऱ्हाड काढून हजर केली. आरोपी जीपमध्येसुद्धा नव्हता, नाना. तो ठाण्यात होता. आणि गुडघाभर पाणी कशाला, ते मला आता कळतं. कुऱ्हाडीवर रक्ताचा डाग नव्हता. तो धुतला जायला कुठंतरी पाणी लागत होतं. त्या विहिरीत दिवाळीपासून पारवे राहत होते. हे तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, पारव्यांना ठाऊक होतं. जन्मभर दुधातलं पाणी पकडलंत आणि एका दुपारी कोरड्या विहिरीत गुडघाभर पाणी ओतलंत.

खाली दोन सह्या आहेत. पहिली तुमची. दुसरी माझी. हे मी आधीच सांगायला हवं होतं, पण तुमच्यावर रागावून सुरुवात करणं सोपं गेलं.

कोर्टात सरकारी वकिलानं तुम्हाला एकट्यालाच उभं केलं. मला सोडून दिलं. एक पंच पुरला. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून गेलात, शपथ घेतलीत, कुऱ्हाड ओळखलीत. निकालात तुमच्यावर अख्खा परिच्छेद आहे. गावातला मानाचा माणूस, आरोपीशी वैर नाही, खोटं बोलायला कारण नाही. वाचताना माझ्या हातातली पेन्सिल मोडली. खोटं बोलायला कारण नव्हतं, हे अगदी खरं. मग बोललात कावून? जमादार संस्थेच्या गाड्या अडवील म्हणून? की एवढंच, की तो 'चांगली माणसं' म्हणाला आणि तुम्हाला बरं वाटलं? तुम्ही लबाड असतात तर मी ही फाईल बांधून ठेवली असती. लबाडाच्या सहीवर कुणाला जन्मठेप होत नाही. तुमच्यासारख्याच्या सहीवर होते.

तो माणूस सोळा वर्षं आत राहिला. बायको मधेच वारली. बैल छावणीतून कुणी सोडून नेले ते कळलं नाही. वकिलानं अपील टाकलं असंच तो सोळा वर्षं समजत होता. ते कुणी टाकलंच नव्हतं. सुटून आल्यावर गावातल्या लग्नात त्याला पंगतीच्या टोकाला बसवतात आणि भांडण झालं की पोरंसोरं म्हणतात, ह्याच्या नादी लागू नका, ह्यानं एक पाडलाय. दोन वर्षांपूर्वी त्याची मुलगी त्याला माझ्या खोलीवर घेऊन आली. खुर्ची दिली तरी तो खाली बसला, गुडघे छातीशी घेऊन. मुलगी म्हणाली, "दादा, आमाला भरपाई नको. बापाला मरायच्या आधी ह्या खुनातून सोडवा." एवढंच मागणं आहे. वकीलबाई म्हणाल्या, उशिराची माफी मागून अपील टाकता येईल, पण नवीन काय दाखवणार?

जुनी फाईल हाताशी यायला मागचा महिना उजाडला. मग मी संस्थेत गेलो. आताचा सेक्रेटरी तुमच्या फोटोखाली मोबाईल बघत बसलेला. "जुनी प्रोसिडिंगं? घेऊन जा काका, वाळवीच खातीय." सभांच्या त्या वह्यांत विहिरीचा ठराव आहे, पंचनाम्याच्या चार दिवस आधीचा. छावणीलगतची विहीर कोरडी पडली असून तळातील गाळ काढण्याचे काम चालू असल्याने, टँकर शाळेजवळच्या विहिरीत रिकामा करण्यात यावा. तेच अक्षर, तीच खाली ओढलेली 'र'ची शेपटी. टँकरचं पाणी विहिरीत असेल असं सरकार म्हणू शकलं असतं. तेही दार तुम्हीच बंद करून ठेवलंय. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर हस्ताक्षर तज्ज्ञाची गरज नाही. मी ती वही काखेत घेऊन बाहेर आलो. तुमच्या वहीतलं खरंच कुणी विसरलं नव्हतं.

राहिलं माझं शपथपत्र. ते देण्याआधी मी त्या माणसाला बोलावलं. मुलीला चहा सांगायला बाहेर पाठवलं आणि म्हणालो, "मामा, तुमच्या पंचनाम्यावर दुसरी सही माझी हाय." तो म्हणाला, "मला ठावं हाय की. कोर्टात दोनी नावं वाचून दाखवलीती."

"मग इतके दिवस बोलला न्हाईत?"

"तुमी कवा बोलताव, बगत व्हतो." आणि हसला, नाना. दात नसलेल्या तोंडानं हसला. "दुसऱ्या कुणाकडं कशाला जाऊ? सही केलेली तुमाला ठावं, म्या न्हाई केलं ते बी तुमाला ठावं." मुलगी चहा घेऊन आली. त्यानं बशीत ओतून सावकाश प्यायला.

शपथपत्र आज दुपारी टाईप होऊन आलं. वकीलबाईंनी लिहिलंय, 'सदर पंचनाम्यावर मी मजकूर न वाचता सही केली.' फोनवर म्हणाल्या, असंच बरं, पंच वाचत नसतात हे कोर्टालाही माहीत असतं, आणि तुमच्यावर काही येणार नाही. मी फोन ठेवला, पण ते वाक्य सोडता येईना. कारण त्या बेचाळिसाव्या पानावर आणखी एक गोष्ट आहे, ती मी त्यांना सांगितलेली नाही. तुम्ही 'विहीरीत' लिहिलं होतं, मधे दुसरी वेलांटी. मी सही करायला वाकलो, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, गुडघाभर पाणी वाचलं, आणि म्हणालो, "नाना, विहीर एकटी असली की दुसरी वेलांटी. पुढं प्रत्यय लागला की पहिली. विहिरीत." जमादार ओरडला, "आरं ए पंडिता, सही कर!" तुम्ही कागद माझ्याकडं सरकवलात, तुमचं शाईचं पेन माझ्या हातात दिलंत, म्हणालात, "कर दुरुस्त." मी वेलांटी खोडली, बरोबर घातली, आणि नियमाप्रमाणं समासात माझी छोटी सही केली. ती तिथं आहे. शाई अजून काळीभोर आहे. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत आणि जमादाराला म्हणालात, "बगितलंस? माज्या हाताखाली शिकलाय." पेन परत द्यायला गेलो तर म्हणालात, राहू दे तुझ्याकडंच.

मगाशी मी त्याच पेनानं शपथपत्रातलं 'न वाचता' खोडलं, वर 'वाचून' लिहिलं आणि समासात छोटी सही केली. पुढं माझं काय व्हायचं ते होईल. उद्या दहाच्या एसटीनं अंबाजोगाईला जाऊन ते देऊन येणार. हा कागद मात्र फाईलला लागणार नाही, खणात राहील. ह्यात एक ओळ अशी आहे की ती शपथेवर लिहायला सांगितली तर मला जमायचं नाही. तुम्ही पाठीवर थाप मारलीत, नाना, तेव्हा मला लई बरं वाटलं होतं. आजही ती वेलांटी पाहिली, आणि तसंच वाटलं.