क्लास सुटल्यावर

तार्सुस (तुर्कस्तान), १४ एप्रिल १९९८

चि. शिल्पा हिस,
अप्पाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अकरावीची परीक्षा बरी गेली म्हणतेस. तुझं 'बरी' म्हणजे इतरांचं 'उत्तम', हे मला पाठ आहे, म्हणून निर्धास्त आहे. इकडे माझी परीक्षा काही संपत नाही. शेठनं मला महिनाभरासाठी मसूर पारखायला पाठवलं आणि पोती अजून मर्सिनच्या बंदरातच बसून आहेत. मर्सिनच्या हॉटेलात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. शेवटी मी अर्ध्या तासावरच्या या गावात बिऱ्हाड हलवलं.

गाव भलतं जुनं आहे. आपला औशाचा किल्ला याच्यापुढे काल बांधला म्हणावा लागेल. पाच वर्षांपूर्वी यांनी इमारतीचा पाया खणायला घेतला, तर खाली रोमन लोकांचा फरसबंद रस्ता निघाला. आता तो दोरी बांधून लोकांना दाखवतात. मी रोज त्याच्या कडेनं चहाला जातो.

घर जाहिदाबाईंचं आहे. हो, जाहिदाच. नांदेडला आत्याच्या गल्लीत बांगड्यावाली होती, तिचंच नाव. नाव ओळखीचं निघालं आणि निम्मा परकेपणा गेला. घराचा खालचा भाग दगडी, वरचा लाकडी, मध्ये अंगण, अंगणात संत्र्याचं झाड. वरच्या तीन खोल्या मुक्कामाला येणाऱ्यांना देतात. मुलगा लॉरीवर असतो, सून कापडगिरणीत. सुमय्या नावाची नात आहे, सतरा वर्षांची. बकरी ईदला घरात चार दिवस मटण शिजत होतं, तर बाईंनी माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात गव्हाच्या कण्या शिजवल्या. त्या तुर्कीत बोलतात, मी आपल्या निजामाच्या उर्दूत, आणि काम भागतं. हफ्ता, खबर, दुनिया, साबण, सगळं दोन्हीकडे तेच. एकाच शब्दानं घोळ केला. पहिल्याच दिवशी बाई मला मुसाफिर म्हणाल्या. मला वाटलं, कधी निघणार असं विचारतायत. मी मुकाट्यानं पिशवी भरायला घेतली. यांच्यात मुसाफिर म्हणजे पाहुणा. बाई हसून हसून पायरीवरच बसल्या.

खोली दगडी नाही तरी भिंती जाड आहेत. पण इथे उन्हाळ्यात सगळं गाव गच्चीवर तख्त टाकून झोपतं, त्यामुळे मी आत्ताच गच्ची धरली तरी कुणी काही विचारलं नाही. अजून महिनाभर राहावं लागेलसं दिसतं. शेठचं काम आहे, आपल्या हातात काय आहे?

लोभ आहेच. वाढवायला जागा उरली असेल तर वाढव.
तुझा अप्पा

लातूर, २ मे १९९८

ती. अप्पांना,
शरणार्थ, आणि वडिलांना जे जे लिहायचं असतं ते सगळं.

बारावीची सुट्टीतली बॅच सुरू झाली. सुट्टी कशाला म्हणतात ते आता पुस्तकात बघावं लागेल. सुमनबाईंच्या खोलीत आम्ही चौघी होतो, आता तिघी आहोत. सुमनबाई वाईट नाहीत, पण पंखा कुणी लावला आणि किती वेळ, याच्यावर त्यांचा जीव. डब्यातलं वरण इतकं पातळ असतं की तळाला स्टीलवरचं नाव वाचता येतं. उभ्या लातूरच्या मसुरीला नावं ठेवणाऱ्या माणसाच्या मुलीनं हे खायचं.

चौथी होती ती अहमदपूरची. तिची आई शेतीचं दिराच्या गळ्यात घालून इथे आली आणि दोघींनी गल्लीतच खोली केली. आमच्या गल्लीत आता निम्म्या घरांत हेच आहे. कुणाची आई, कुणाची आजी, एकीचे तर आजोबा पोळ्या करतात. काल मी त्यांच्याकडे अभ्यासाला गेले होते. आई ओट्यापाशी काहीतरी निवडत होती आणि आम्ही बोलतही नव्हतो, तरी मला तिथून उठावंसं वाटलं नाही.

आपण खोली केली तर? एक वर्षाचाच प्रश्न आहे. शेठची दाळमिल सायकलवर दहा मिनिटं. स्वयंपाक मी करीन, तुम्ही फक्त दाळ निवडा. आत्या म्हणते, पोरीची लई आबाळ होऊन राहिली, मी येते. पण तिच्या गुडघ्यांना इथले जिने व्हायचे नाहीत. मागच्या महिन्यात ती आपल्या गावी जाऊन आली. भूकंपानंतर सरकारनं दिलेल्या घराचं कुलूप तिला उघडेना, तेल घालावं लागलं. झाडून परत लावून आली.

विचार करा. लगेच नाही म्हणू नका.
तुमची मुलगी (अजून तरी एकच),
शिल्पा

तार्सुस, १९ मे १९९८

चि. शिल्पास,
आशीर्वाद, आणि वरणासाठी सहानुभूती.

खोलीचं वाचलं. मी नाही म्हणत नाही. पण माझं हे असं, आज इथे उद्या तिथे. तू खोली करायचीस आणि मी अकोल्याच्या नाहीतर इंदूरच्या बाजारात बसायचो. शिवाय मी घोरतो. बारावीच्या मुलीला घोरणारा बाप घरात ठेवणं म्हणजे मार्क हातानं घालवणं. नवा माल जूनमध्ये निघेल, तो बघून आलो की बोलू.

तुला एक गंमत सांगतो. इथेही तुमच्या लातूरचंच वेड आहे. कॉलेजात शिरायला परीक्षा, आणि परीक्षेसाठी क्लास. सुमय्या संध्याकाळी क्लासला जाते. बाप लॉरीवर, आई गिरणीच्या पाळीवर, आजीला संध्याकाळचं नीट दिसत नाही. बाईंचा जीव ती परत येईपर्यंत दारात. मी म्हटलं, मला तरी संध्याकाळी काय काम आहे? आता महिना झाला, मीच तिला सोडतो आणि मीच घेऊन येतो. क्लास सहाला सुटतो, मी आधीच जाऊन समोरच्या भिंतीला टेकून उभा राहतो. ती जिना उतरली की तोंड बघूनच मला कळतं, आज गणितानं रडवलंय की काय. रडवलं असेल तर येताना फुटाणे घेऊन देतो. इथले फुटाणे आपल्यासारखेच, फक्त जरा जाडे. मग चालता चालता तोंड सुटतं. मला तुर्की निम्मंच कळतं, पण तिला कुणीतरी ऐकायला लागतं, कळायला नाही. मला ती अमजा म्हणते, म्हणजे काका. परवा क्लासच्या पहारेकऱ्यानं विचारलं, हा तुझा बाप का? तर हो म्हणाली लबाड.

तू अभ्यास कर, दूध घेत जा.
माया असू दे, ती इकडून कमी पडायची नाही.
अप्पा

लातूर, ६ जून १९९८

ती. अप्पा यांना,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इकडे सर्व ठीक. चाचणीत शंभरापैकी ब्याऐंशी पडले. ऊन फार आहे. पाणी एक दिवसाआड येतं.

सुमय्याला क्लासला सोडायला कुणीतरी मिळालं, हे वाचून बरं वाटलं. मुलीच्या जातीला संध्याकाळचं एकटं यावं लागू नये. आमच्या क्लासच्या फाटकावर सुटायच्या वेळी स्कूटरींची एवढी गर्दी होते की चालायला वाट नसते. सगळे आपापल्या मुलींना हाका मारत असतात. गर्दी ओसरली की मी मागच्या गल्लीनं येते. वीज नसली तर जरा भरभर चालते.

एवढंच विचारायचं होतं. इथले फुटाणे बारीक असतात का? मी कधी घेतले नाहीत.

कळावे.
शिल्पा

लातूर, ३० जून १९९८

अप्पा,

मायना लिहायला बसले की हात थांबतो, म्हणून सोडला.

रविवारच्या पेपरात पहिल्याच पानावर होतं, तुर्कस्तानात अदानाकडे भूकंप, शंभरावर माणसं गेली. मी नकाशा काढला. अदाना आणि तार्सुस यांच्यात माझ्या करंगळीचं नखसुद्धा मावेना. तुमच्याकडचा फोन नंबर माझ्याकडे नाही, तुम्ही कधी दिलाच नाहीत. रविवारी मिल बंद. तो दिवस मी सुमनबाईंच्या पायरीवर बसून काढला. आई आणि धाकटा बाळू गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते, मला ढिगाऱ्यातून काढलं ते शेजारच्या मडिवाळप्पांनी. तेव्हा निदान तुम्ही नांदेडहून येणार हे माहीत होतं. या वेळी वाटलं, आता मी एकटीच उरले. आणि खरं सांगते, त्यात नवीन काही वाटलं नाही.

सोमवारी मिलवर गेले. गुरुलिंगशेठनी खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, काळजी करू नको, मलप्पाचा शनिवारी रात्रीच फोन आला, माणसं सुखरूप, नव्या मसुरीची पोतीही शाबूत. मग हसत म्हणाले, मी त्याला मे महिन्यापासून ये म्हणतोय, आधीचा माल कधीच जहाजावर चढला, पण तोच ऐकत नाही, नवं पीक बघूनच येतो म्हणतो.

सुमनबाईंकडे फोन आहे अप्पा. नंबर तुमच्या डायरीच्या पहिल्या पानावर मीच लिहून दिलाय. तुम्ही मसुरीला फोन केलात.

आपल्या गावच्या भूकंपापासून तुम्ही माझ्यासोबत एका छपराखाली एक रात्र राहिला नाहीत. आत्याकडे यायचात, चहा व्हायचा, आणि संध्याकाळच्या गाडीची घाई सुरू. मी मनाची समजूत घालायचे की शेठ सोडत नाही. तुम्हाला माझ्याकडे बघून गेलेली दोघं दिसत असतील, तर तसं सांगा. मी ऐकून घेईन. पण दुसऱ्याच्या मुलीला आणायला जाता ते मला कौतुकानं लिहू नका.

खोलीचं राहू द्या. सुमनबाईंकडे बरं आहे.
शिल्पा

तार्सुस, १६ जुलै १९९८

चि. शिल्पा,

काय आशीर्वाद देऊ? तुझं पत्र येऊन चार दिवस झाले.

त्या दिवशी घर हललं, गिलावा पडला, अंगणात आम्ही सगळे एकमेकांना धरून उभे होतो. कुणाला काही झालं नाही. रात्री टपाल कचेरीतून फोन लागला. माझ्या खिशात सुमनबाईंचा नंबर होता. पण मला तो फिरवता येत नाही, पोरी. पाच वर्षांपूर्वी त्या सकाळी नांदेडच्या मोंढ्यात अडत्याच्या फोनवर मी विचारलं होतं, घरचे कसे आहेत? आणि पलीकडचा माणूस बोलेना. तेव्हापासून फोनवर घरच्या माणसाचं नाव घ्यायचं म्हटलं की माझी जीभ उचलत नाही. शेठला पोत्यांचं सांगता सांगता शेवटी विचारलं, शिल्पाची काही खबर? तो म्हणाला, बरी असेल की. तेवढ्यावर मी परत आलो.

शेठ सांगतो ते खरं आहे. मीच थांबलो. तुझ्याकडे बघून गेलेले दिसतात असं नाही. तू दिसतेस, आणि मग मला भीती वाटते. ज्याच्यात जीव अडकलाय त्याच्या शेजारी झोपायचं, आणि सकाळ होईल असं धरून चालायचं, हे मला जमेना. परक्याच्या घरात ते धरून चालावं लागत नाही. तिथे मी मजेत असतो, तू वाचलंसच.

परवा जेवण जाईना, तेव्हा सुमय्यानं कारण विचारलं. मी तुझं पत्र दाखवलं आणि सांगितलं, मला तुझ्याएवढी मुलगी आहे, तीही क्लासला जाते. आजी-नात दोघींना ते नवंच होतं. इतक्या महिन्यांत मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटायचं माझं कुणीच नाही, म्हणून तर बाई मला वाढताना सढळ हातानं वाढायच्या. बाईंनी विचारलं, मग तिला घ्यायला कोण जातं? मी ताट सारून गच्चीवर गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी गच्चीवरचं माझं अंथरूण गुंडाळून खाली आणलं, पिशवी अंगणात ठेवली आणि सांगितलं, खोली दुसऱ्याला दिली. दुसरं कुणी आलेलं नाही, खोली रिकामीच आहे. पाहुण्याला जा म्हणणं यांच्यात फार मोठं पाप, आणि बाई पाच वेळा नमाज पढणाऱ्या. ते पाप त्यांनी माझ्यासाठी केलं. सुमय्या संध्याकाळी शेजारणीबरोबर क्लासला गेली, माझ्याकडे न बघता.

शेठला फोन करून तिकीट मागितलंय. हे पत्र पोचेल त्याच्या मागोमाग मी पोचेन. तू खोली राहू दे म्हणालीस, तरी मी आल्यावर परत विचारणार आहे, आणि तू नाही म्हणालीस तर दुसऱ्या दिवशी परत. झोप लागली नाही तर बसून राहीन. घोरणं तरी होणार नाही.

एकच काम कर. सुमय्याचा क्लास सहाला सुटतो, हे मला झोपेतही सांगता येईल. तुझा किती वाजता सुटतो ते मला माहीत नाही. ते कळव.
अप्पा

लातूर, २८ जुलै १९९८

ती. अप्पांना,
शरणार्थ.

गाडीतून उतरलात की तुम्ही आधी मिलवरच जाणार, म्हणून हे कार्ड शेठच्या पत्त्यावर टाकलंय.

क्लास साडेसातला सुटतो. सगळ्यांना न्यायला आलेले निघून गेले की मगच मी बाहेर येते, पाच वर्षांची सवय आहे. फाटक रिकामं दिसलं तरी तुम्ही परत जाऊ नका.
शिल्पा