बर्फ त्याला सोडतोय

११ जून

पोचले एकदाची! समुद्र ताटासारखा सपाट होता, तरी मी दोनदा ओकले, आणि अप्पालीक वस्तीच्या अख्ख्या धक्क्याला हसायला कारण मिळालं. राजधानीची, नूकची पोरगी म्हणजे अशीच, असं कुणीतरी म्हणालंच. होडी एनोककाकांची. हा माणूस एका हातानं सुकाणू धरतो आणि दुसऱ्या हातानं हवेत बोटं नाचवत सगळ्यांची टिंगल करतो. मला म्हणाले, केटुरा, बर्फ मोजायला आलीस ना, मग सामान भराभर उतरव, तोवर आणखी थोडा गेला असेल.

हंगाम संपेपर्यंत मी साबीना आजींकडे राहणार. एनोककाकांच्या त्या मावशी. वस्तीच्या टोकाला निळं घर, मागे सरळ चढ, आणि चढाच्या वर आमचा हिमटोप, डोंगराच्या माथ्यावर बसलेला पांढरा घुमट. आजी ऐंशीच्या पुढच्या, पण आवाज खणखणीत. माझा दंड चिमटीत धरून म्हणाल्या, हा हात आहे की सीलची फासळी? मग केक झाला, सीलचा रस्सा झाला, मत्ताक, म्हणजे देवमाशाची कच्ची कातडी, झाला, आणि निम्मी वस्ती कॉफी प्यायला येऊन मला बघून गेली. झोपायची खोली त्यांनी मला दिलीय. स्वतः चुलीशेजारच्या बाकावर झोपतात. मी नको नको म्हटलं तर म्हणाल्या की तो पलंग दोघांचा होता, एकटीला त्यात थंडी वाजते.

मध्यरात्र झाली तरी बाहेर लख्ख ऊन आहे. खिडकीला गोधडी लावून झोपते आता.

२३ जून

आज पहिल्यांदा माथ्यापर्यंत गेलो. एनोककाका खांद्यावर बंदूक घेऊन पुढे, अस्वलाची भीती म्हणून. वाटभर माझ्या बुटांना नावं ठेवत होते.

काम साधं आहे. बर्फात खोल रोवलेल्या काठ्या आहेत. काठी जितकी उघडी पडली, तितका बर्फ गेला. मागच्या उन्हाळ्यात रोवलेल्या काही काठ्या आताच आडव्या पडल्यात. कडेचा बर्फ पांढरा राहिलेलाच नाही. धूळ आणि शेवाळानं राखाडी-जांभळा झालाय, आणि काळा पडला की ऊन जास्त पितो. सगळीकडून पाणी वाहतंय. ते भोवऱ्यासारख्या विहिरींतून आत कोसळतं आणि खालून कुठूनतरी बाहेर येतं. 

येताना जुन्या बर्फाचा एक तुकडा आणला. आजींनी तो पेल्यात टाकला तसा तडतडायला लागला. आत दबलेली जुनी हवा सुटते, तिचा आवाज. मी समजावून सांगायला गेले, तर आजी म्हणाल्या, माहीत आहे गं, मेलेल्यांनी सोडलेला श्वास आहे तो, गप पी.

९ जुलै

वर पाऊस पडला. माथ्यावर, जिथे बर्फ पडायला हवा तिथे. हिवाळ्यात साठलेलं सगळं हिम धुऊन गेलं. आता या घुमटावर नवा बर्फ धरून ठेवणारी जागाच उरली नाही. वरून खाली नुसता वितळतोय. नूकच्या कचेरीला तसं कळवलं.  फोनवरचा साहेब म्हणाला की छोट्या हिमटोपांचं असंच होतं, आज गारठा परत आला तरी हा सावरणार नाही. अन्न तुटलेल्या माणसासारखा तो स्वतःचंच अंग जाळून उभा आहे.

रात्री जेवताना हे आजींना सांगितलं. त्यांनी विचारलं, मग त्याच्या पोटात जे आहे त्याचं काय होणार? मला वाटलं, दगडगोटे विचारतायत. म्हटलं, सगळं बाहेर येणार.

त्या उठून गेल्या. रस्सा तसाच राहिला.

२८ जुलै

कडेला कुत्री सापडली. स्लेजची, म्हणजे बर्फावरची घसरगाडी ओढणारी. साज चढवलेली, पंख्यासारखी पसरून निजलेली. केस, डोळे, जिभा, सगळं जसंच्या तसं. मला आधी वाटलं कुणाची तरी वर भटकून मेली असतील. एनोककाकांनी साजाला हात लावला आणि त्यांची थट्टा तिथेच थांबली. साज सीलच्या चामड्याचा होता, आता असा कुणी करत नाही. दोरीच्या टोकाचं हाडाचं बटण त्यांनी कापून घेतलं.

आजींनी ते बटण तळहातावर घेतलं, अंगठ्यानं पुसलं आणि म्हणाल्या, येरेमियास.

त्यांचा नवरा. लग्न झालं त्याच हिवाळ्यात वस्तीत उपासमार झाली. सील मिळेना. तो हिमटोप ओलांडून पलीकडच्या खाडीत भावाकडे मांस आणायला गेला. पोचला. भावानं स्लेज भरून दिली. परत निघाला, तो आजतागायत पोचला नाही. आजी तेव्हा एकोणीस वर्षांच्या. मी विचारलं, पुन्हा लग्न का नाही केलंत? हसून म्हणाल्या, वाटच बघत बसले असं समजू नकोस हं, मागणी घालणारे सगळे दारुडे होते. आणि मग बराच वेळ हुंदके देऊन रडल्या. मी त्यांची पाठ चोळत राहिले. 

जवळच्या गावच्या, उपेर्नाविकच्या पोलिसांना फोन केला. माणूस सापडला तर कळवा म्हणाले.

६ ऑगस्ट

कुत्री नाहीत. साजही नाही. जिथे होती तिथे ओला खडक. एनोककाका म्हणतात, कोल्ह्यांनी नेली. कोल्हे साज नेतात का, विचारलं, तर माझ्यावरच खेकसले.

१९ ऑगस्ट

स्लेज बाहेर आली. बरीच वर, एका कोरड्या पडलेल्या विहिरीच्या तळाशी. मांसाचे गठ्ठे अजून बांधलेले. माणूस नाही. तो बसायचा तिथे बर्फात माणसाच्या आकाराचा खळगा होता, आत पाणी साचलेलं. मी वाकून बघितलं. खळग्यातून कडेपर्यंत राखाडी गाळाचे ठसे गेले होते. अनवाणी नव्हते, मऊ चामडी बुटांचे होते.

आमचे दोघांचेही बूट रबरी.

 वस्तीत शिरताना एनोककाका म्हणाले, मावशीला स्लेजचं सांग, बाकीचं नको. मी हो म्हटलं.

५ सप्टेंबर

वस्तीतली कुत्री ओरडत नाहीत. एवढी साखळीला बांधलेली कुत्री, मांस टाकलं तरी गप्प. सगळी एकाच दिशेला तोंड करून उभी, वर.

१४ सप्टेंबर

पहिलं हिम पडलं, बोटभर. सकाळी कॉफी घेऊन बाहेर आले तर चढावरून स्लेजच्या खुणा. उतरणाऱ्या. चढणाऱ्या नाहीत. दोन रेघा आणि मध्ये कुत्र्यांचे पंजे, आमच्या घरामागच्या मोठ्या दगडापर्यंत. तिथे संपल्यात. दगडाशी राखाडी पाण्याचं थारोळं होतं, चाखलं तर खारट नाही. बर्फाचं पाणी.

धक्क्यावर सगळ्यांना विचारलं. या हवेत स्लेज कोण काढेल, हसून म्हणाले. एक बाई हसली नाही. तिनं मला विचारलं, आजी तुला कुठे झोपवते?

कचेरीला फोन केला. मोजणी संपली, मला न्या.

२२ सप्टेंबर

हेलिकॉप्टर रद्द. धुकं.

आज भरदुपारी मी खिडकीशी होते. कुत्र्यांच्या रांगेपलीकडे धुक्यात एक तरुण उभा. अंगात कातडी अंगरखा, टोपी मागे पडलेली, केसांतून पाणी निथळतंय. चेहरा गोड होता. हे लिहायला नको वाटतं, पण होता. फार तर पंचविशीचा. तो माझ्याकडे बघून हसला. दमून घरी आलेला माणूस हसतो तसा. आणि त्याच्याकडून तो आवाज येत होता, पेल्यातल्या बर्फाचा. तडतड. तडतड. बंद काचेतून ऐकू येत होता.

ओठ हलले. बीना, म्हणाला.

आजींना हाक मारली. त्या येईपर्यंत नुसतं धुकं. बीना कोण, विचारलं. म्हणाल्या, मला फक्त एकानंच त्या नावानं हाक मारली.

मग खिडकीला गोधडी लावत म्हणाल्या — त्याला वाटतंय ती तू आहेस.

२६ सप्टेंबर

एनोककाकांच्या घरी आले. त्यांनीच नेलं. मावशीचं मी बघतो, म्हणाले. त्यांची बायको नीट बोलली नाही, पण अंथरूण घालून दिलं.

२७ सप्टेंबर

खुणा आज एनोककाकांच्या दारात. आजींच्या घराशी एकही नाही.

दारातल्या पायपुसण्यावर राखाडी गाळ. त्यावर मांसाचा एक गठ्ठा ठेवलेला, जुन्या दोरीनं बांधलेला.

एनोककाकांच्या बायकोनं माझी बॅग बाहेर ठेवली. तिची नातवंडं आहेत घरात, तिचं तरी काय चुकलं? एनोककाका मान खाली घालून माझ्याबरोबर निळ्या घरापर्यंत आले. दारात म्हणाले, पोरी, तो वाईट नव्हता गं. आई सांगायची, अख्ख्या वस्तीत त्याच्याइतका मायाळू कुणी नव्हता.

ते ऐकून मला जास्तच भीती वाटली.

३ ऑक्टोबर

खाडीवर पातळ बर्फ धरलाय. होडी चालत नाही, पायी जाता येत नाही. हेलिकॉप्टर — परवा, म्हणतात. परवा म्हणजे परवा नाही, कळतं मला.

तो रोज येतो. घाई करत नाही. भिंतीला हात लावत लावत घराभोवती फिरतो. दार त्याला सापडत नाही. त्याच्या वेळी इथे मातीचं घर होतं, आजी म्हणाल्या, दार दुसऱ्या बाजूला होतं. तो तिथे, भिंतीशी, उभा राहून ठोकतो.

तिथे माझा पलंग आहे.

६ ऑक्टोबर

स्वयंपाकघरात झोपतो दोघी. आजी माझा हात धरून ठेवतात.  मी विचारलं, तुम्हाला भेटावंसं नाही वाटत? म्हणाल्या, आरशात बघितलंस का मला? मला काय ओळखणार तो.

भिंतीची आतली बाजू ओली झालीय. पाणी गार आहे — फार गार —

७ ऑक्टोबर

हेलिकॉप्टर नाही. एनोककाका बंदूक घेऊन आले होते. त्याला बघितलं त्यांनी. बंदूक खाली ठेवून परत गेले. 

ठोकणं आता दारापासून दोन हातांवर. हातानं चाचपतो. फळ्या मोजतोय जणू.

८ ऑक्टोबर, दुपार

आजी बाहेर गेल्या. मी अडवलं, त्यांनी ऐकलं नाही. पांढरे केस सोडून पुन्हा विंचरले, वर अंबाडा बांधला, लग्नातले पांढरे उंच बूट पेटीतून काढले. मला म्हणाल्या, मी त्याला समजावते. माझाच माणूस आहे ना. कितीही झालं तरी आवाज तरी ओळखेल.

मी दाराला कान लावून उभी आहे. आजींचा आवाज. हळू, अगदी मुलीसारखा. मग तडतड. मग काही नाही —

आत आल्या. अंगरख्याची बाही भिजलीय. बाकावर बसल्यात. मी विचारलं, ओळखलं का? मान हलवली. नाही. फार आदरानं बोलला म्हणे, टोपी काढून. आजी, एवढ्या गारठ्यात बाहेर का आलात, म्हणाला. आणि मग विचारलं — आजी, माझी बायको दिसली का हो कुठे? तिच्यासाठी मांस आणलंय, उपाशी असेल ती —

मी विचारलं, मग तुम्ही काय सांगितलंत?



पुन्हा विचारलं. चुलीकडे बघतायत. पुन्हा —

म्हणाल्या, किती वर्षांनी आलाय, केटुरा. काकडलाय. रडत होता गं. आत आहे, म्हटलं मी. दुसरं काय सांगू त्याला? दार दाखवलं —

उठल्यात. मी त्यांना धरायला — आजी, नको — त्या कडी काढ