एस्केप सुटला

आटपाडी,
१० फेब्रुवारी २०२५

चि. उत्कर्षास,
आकाराममामाचे अनेक आशीर्वाद.

लोकर कातरायच्या चाळीस कात्र्या, शेंगा फोडायचं यंत्र, शाळेची घसरगुंडी, बिरोबाच्या देवळाचं दार, माझं स्वतःचं लेथ मशीन (मोटर सोडून सगळं) आणि तुझ्या आईच्या स्वयंपाकघरातली अजून न हललेली मांडणी, एवढं या दोन हातांनी केलं. नववीनंतर कुणी शिकवलं नाही. आता सरकारी काम आलंय, म्हणून हे पत्र.

कालव्याचं एक लोखंडी दार आमच्या ओढ्यावर आहे. ते उचललं की पाणी ओढ्यानं आमच्या तलावात येतं. कालव्याला पाणी सोडायची पाळी पंचवीस तारखेला संपते. तोवर दार उघडलं नाही तर तलाव कोरडा, आणि पावसापर्यंत माणसं, मेंढरं टँकरच्या तोंडाकडं बघत. आणि दार तर अडकून बसलंय. गाळ साचला होता. आमच्या आळीतले भाऊसो आणि आणखी चौघांनी दाराच्या चाकाला सहा फुटी पाइप लावून जोर केला, आतल्या नटाचे आटेच कापले गेले. भाऊसो म्हणतात, आमी निस्ता हात लावला. सहा फुटी हात मी पहिल्यांदाच पाहिला. कालव्याचे साहेब म्हणाले, नवा नट यायला महिना लागेल. तुम्ही करत असाल तर लेखी परवानगी देतो.

त्या दाराला म्हणतात एस्केप. परवानगीच्या कागदावरही तोच शब्द. इथं एस्केप सुटतो, एस्केपवरून डोकी फुटतात. मेंढरंवाली दगडाबाई तर एसटीची चौकशी करावी तशी विचारते, इस्केप आला का रं. भाऊसोची नात पोलीस भरतीत निघाली तेव्हा सगळी आळी म्हणाली, पोरीचा एस्केप सुटला. पण अर्थ एकालाही ठाऊक नाही. ज्या वस्तूला पाना लावायचा तिचं नाव मला नीट कळलं पाहिजे. तू साताऱ्याला कॉलेजात इंग्रजी शिकवतेस, तर कळव. लेखी. फोनवरचं मी धरत नाही.

अर्थाची वाट बघत, पण काम न थांबवता,
मामा

सातारा,
१५ फेब्रुवारी २०२५

ती. आकाराममामांस,
सा. न. वि. वि.

शब्दाचा पहिला अर्थ पळून जाणं. तुरुंगातून, पिंजऱ्यातून. आई म्हणाली, हा त्याला कळवायला नको, आक्या नववीत शाळेच्या खिडकीतून गेला तो अजून परत यायचाय. दुसरा अर्थ थोडक्यात वाचणं. गॅस गळतो त्यालाही हाच शब्द. वर्गात विचारलं तर एकीनं महाबळेश्वरची सुट्टी सांगितली, दुसरीनं कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरचं डावीकडचं पहिलं बटण.

कालव्याचा अर्थ लिहावा की नाही, याचा दोन दिवस विचार केला. पाणी जास्त होऊन काठ फुटू नये म्हणून ते बाहेर काढायची वाट, ती एस्केप. म्हणजे मामा, कालव्याच्या लेखी तुमचं पाणी हे टाकून द्यायचं पाणी. राग मानू नका. आणि भरतीत निघाल्याचा अर्थ कुठल्याच कोशात सापडला नाही. तो तुमच्या आळीचा. मी तो मुलींना वहीत लिहायला लावला.

नट झाला का? आई दिवसातून तीनदा विचारते, आणि आपण विचारलं हे त्याला कळवू नको असंही बजावते.

सगळं कळवून टाकणारी तुमची भाची,
उत्कर्षा

आटपाडी,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. उत्कर्षास,
मामाचे आशीर्वाद.

सुटला. काल सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी.

क्रमानं सांगतो. सांगलीहून गनमेटलचा, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रणाचा, गोळा आणला, सतराला नट बसवला, दोन फेरे गेला आणि गच्च. चूक माझी. नट जिच्यावर फिरतो ती दाराची दांडी जुनी, इंचाच्या मापाची, इंचाला तीन आटे. मी दोन आट्यांमधलं अंतर मोजलं मिलिमीटरमध्ये, आठ. फरक अर्ध्या मिलिमीटरच्याही आत, पण प्रत्येक फेऱ्याला तो वाढत जातो आणि नट धरतो. भाऊसो म्हणाले, मिस्त्री, आता तुमाला बी पाइप आणून द्यावा का. परत सांगली, दुसरा गोळा, आणि लेथपाशीच जेवण.

काल पोरांनी गाळ उपसला आणि चाकाला मी एकटा लागलो. तिसऱ्या फेऱ्याला दार खालून कण्हलं. नवव्याला, म्हणजे बरोबर तीन इंचांवर, पाणी असं उसळलं की साहेबांची कागदं भिजली. दगडाबाई चपला हातात घेऊन पाण्याच्या तोंडाबरोबर तलावापर्यंत चालत गेली. वाटेत खड्डा भरेपर्यंत पाणी थांबलं की तीही थांबायची आणि त्याला म्हणायची, चल की रं बाबा, लय येळ लावतूयास. उद्या संध्याकाळपर्यंत तलाव निम्मा भरेल. निम्मा म्हणजे मे अखेरपर्यंतची सोय.

कालव्याला ते टाकून द्यायचं पाणी वाटत असेल तर वाटो. त्यानं एकदा दगडाबाईबरोबर चालून बघावं.

ताईला सांग, तिनं तीनदा विचारलं हे मला कळलेलं नाही. जीव लावता तसा लावत राहा.

तुमचाच,
आकाराम

ता. क. हे लिहिणार नव्हतो, पण ताईच्या कानावर भलतंसलतं जाण्याआधी नेमकं काय ते माझ्याकडून जावं. पहिला नट अडकला त्या संध्याकाळी लालासाहेब वर्कशॉपवर आले. उन्हाळ्यात गावाला टँकर त्यांचेच असतात. चहा घेतला, लेथचं कौतुक केलं. मग म्हणाले, चूक झालीच हाय तर दुसऱ्या नटात बी हू द्या की, पंचवीस तारीख काय लांब न्हाई. मी म्हणालो, माझ्या हातून एक चूक दोनदा होत नाही. त्यांनी लेथवर ठेवलेली पिशवी मी उचलून त्यांच्या हातात दिली. मोजली नाही, त्यामुळं त्यांनी सांगितलेलाच आकडा लिहितो: एक लाख पंच्याऐंशी हजार.